शिणलेल्या सेवकांचा धीर : मराठी ख्रिस्ती नेतृत्वाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पैलू

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी लिहिला गेला आहे. मिशनच्या अहवालांवर विसंबलेल्या इतिहासात ठाणी, शाळा, दवाखाने आणि बाप्तिस्म्यांची संख्या यांची मोजदाद असते. वाङ्मयेतिहासात धर्मांतराचा प्रसंग आणि त्यातून उद्भवलेला वाद यांना अग्रस्थान मिळते. या दोन्ही मांडण्यांत नेता आपल्याला भेटतो तो कार्याच्या आरंभी. दीक्षेचा दिवस सरल्यावर, वीस-पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर, त्याच्या मनाची अवस्था काय झाली, त्याचा उत्साह कोठे ओसरला आणि ओसरलेला उत्साह पुन्हा कशाने भरून आला, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक कोणत्याही चळवळीचे खरे मोल तिच्या आरंभीच्या आवेशापेक्षा तिच्या थकलेल्या माणसांवरून अधिक चांगले जोखता येते.

प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंतच्या काही मराठी ख्रिस्ती नेत्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे : या नेत्यांना धीर मिळाला तो उपदेशातून नव्हे. तो तीन वाटांनी आला. पहिली, शीण बोलून दाखविता येईल अशी स्वतःची भाषा. दुसरी, सेवा न सोडता सेवेचे रूप बदलण्याची मोकळीक. आणि तिसरी, आपले अपुरे काम ज्याच्या हाती सोपविता येईल असा सोबती. मात्र या धीराची किंमत अनेकदा दुसऱ्याच कुणाला, विशेषतः घरातील स्त्रीला, मोजावी लागली, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदविणे आवश्यक आहे.

ख्रिस्ती परंपरेला हा विषय नवा नाही. जुन्या करारातील मोशे दिवसभर लोकांचे तंटे सोडवून थकतो, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो त्याला अधिक प्रार्थना करण्यास सांगत नाही. भार वाटून देण्यास सांगतो. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा त्याला प्रथम झोप मिळते, भाकर मिळते, पाणी मिळते. देवाचे बोलणे त्यानंतर येते. आणि त्या बोलण्याच्या शेवटी त्याला अलीशा नावाचा उत्तराधिकारीही मिळतो. विश्रांती, बोलण्याची मुभा आणि सोबती हा तो क्रम आहे. मराठी ख्रिस्ती नेत्यांच्या चरित्रांत हा क्रम कितपत आढळतो, हे पाहणे उद्बोधक ठरते.

१. शिणाची सामाजिक कारणे

अमेरिकन मराठी मिशनचे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील ठाणे १८३१ साली सुरू झाले आणि तेथूनच १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागले. १८५४ साली हरी रामचंद्र खिस्ते आणि रामकृष्ण विनायक मोडक या दोघा एतद्देशीयांना तेथे पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. त्याच सुमारास मिशनचे चिटणीस रूफस अँडरसन भारताच्या दौऱ्यावर आले होते. स्थानिक मंडळ्यांनी स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः सोसावा आणि प्रसारही स्वतः करावा, हे त्यांचे धोरण होते. तत्त्वतः हे धोरण देशी नेतृत्वाला मान देणारे होते यात शंका नाही. व्यवहारात मात्र त्याचा भार पाळकाच्या खांद्यावर पडला.

याचे कारण उघड आहे. नगर जिल्ह्यातील खेडोपाडीच्या मंडळ्यांत बहुसंख्य कुटुंबे महार व मांग समाजांतून आलेली होती. बलुत्यावर आणि मजुरीवर जगणाऱ्या या कुटुंबांकडून पाळकाचा पगार जमविणे म्हणजे उपाशी घरातून भाकर मागण्यासारखे होते. १८७६ ते १८७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे तीन मोठे दुष्काळ या प्रदेशाने सोसले. १८९६ पासून प्लेगची त्यात भर पडली. अशा वेळी पाळक हा धर्मोपदेशक उरला नाही. तो धान्य वाटणारा, अनाथ मुले गोळा करणारा, अर्ज लिहिणारा आणि प्रेते उचलणारा झाला. त्याच वेळी, आलेली माणसे पोटासाठी आली की श्रद्धेने, या संशयाचे उत्तरही त्यालाच द्यावे लागे. मिशनला हिशेब हवा होता आणि मंडळीला अन्न.

उच्चवर्णीय कुटुंबांतून आलेल्या नेत्यांचे दुःख काहीसे वेगळे होते. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क राखला होता. परंतु कायद्याने मालमत्ता राखता येते, पंगत राखता येत नाही. आई-वडील, बायको, भाऊबंद दुरावलेला हा मनुष्य मिशनच्या आवारात राहावयास येई, आणि तेथेही तो सर्वस्वी आपला मानला जाई असे नाही. गोऱ्या सहकाऱ्याच्या तुलनेत त्याचा पगार, बंगला आणि निर्णयाचा अधिकार या तिन्ही बाबतींत तो खालीच असे. एका बाजूला टाकून दिलेला आणि दुसऱ्या बाजूला पुरता न स्वीकारलेला, अशी ही मधल्या उंबरठ्यावरची अवस्था हेच त्याच्या शिणाचे मूळ होय. गरिबी त्याने पत्करलेली होती; एकाकीपण मात्र त्याच्यावर लादलेले होते.

२. संशयाचा शीण : नीळकंठशास्त्री गोऱ्हे आणि पंडिता रमाबाई

या परंपरेतील नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५-१८९५) यांचे उदाहरण असाधारण आहे. बुंदेलखंडात जन्मलेले आणि काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित १८४८ साली जौनपूर येथे ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या हे नाव त्यांनी धारण केले. १८६० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'षड्दर्शनदर्पण' या हिंदी ग्रंथाने त्यांची वादपटू म्हणून ख्याती झाली. परंतु ग्रंथात निःशंक दिसणारा हा मनुष्य खासगीत आयुष्यभर शंकांनी पोखरलेला होता. एका पंथातून दुसऱ्या पंथात, एका शिस्तीतून अधिक कठोर शिस्तीत असा त्यांचा प्रवास झाला. पत्नी ख्रिस्ती झाल्यावर लवकरच निवर्तली. मागे राहिलेली तान्ही मुलगी दुसऱ्यांच्या हाती वाढली.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्याला स्वतःला कधी पुरती स्वस्थता लाभली नाही, त्यानेच इतरांना आधार दिला. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेण्याच्या निर्णयाप्रत आल्या, त्यामागे गोऱ्हे यांच्या लेखनाचा वाटा होता हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. गोऱ्हे यांची कन्या एलन लक्ष्मी गोऱ्हे हिने इंग्रजीत लिहिलेले एक भक्तिगीत पुढे देशोदेशींच्या उपासनांत गायिले गेले. शंका संपल्यावरच नेतृत्व करता येते, हा समज गोऱ्हे यांच्या चरित्राने खोटा ठरविला आहे. शंका सोबत घेऊन चालणाऱ्याचा शब्द शंकाकुलाला अधिक जवळचा वाटतो, असेच म्हणावे लागेल.

रमाबाईंचा शीण वेगळ्या जातीचा होता. १८८९ साली मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यास गेले. १८९३ साली सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्याच्या आक्षेपावरून रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. ज्यांच्या पाठिंब्यावर विसंबावे ती माणसे दूर झाली. त्यानंतर रमाबाईंनी केडगाव येथे मुक्ती मिशनची उभारणी केली आणि दुष्काळातील शेकडो मुली व विधवा यांना आश्रय दिला. उत्तर आयुष्यात ऐकू येणे कमी झाले असता आणि संस्थेचा व्याप वाढला असता त्यांनी जे काम अंगावर घेतले ते अधिक माणसे जमविण्याचे नव्हते. हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्याचे ते काम होते. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. तिच्यावरच संस्थेचा पुढचा भार ठेवावयाचा होता. त्यानंतर नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंचे निधन झाले. तोवर भाषांतर त्यांनी पुरे केले होते. केडगावच्या छापखान्यात मुक्तीतील स्त्रियांनी काम केले आणि १९२४ साली ते बायबल ग्रंथरूपाने बाहेर पडले. थकलेल्या माणसाला कधी कधी कमी काम नव्हे, तर वेगळे, अंतर्मुख करणारे काम लागते, हे रमाबाईंच्या या अखेरच्या पर्वावरून दिसते.

३. शीण बोलण्याची भाषा : नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाईंपासून सुमारे पाच वर्षांचा वियोग घडला. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही दीक्षा घेतली. अहमदनगर येथे धर्मशिक्षणाच्या विद्यालयात अध्यापन, १९०४ पासून पाळकपद, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन, कीर्तने, भजने आणि घरात सतत आणलेली निराधार माणसे असा त्यांचा संसार होता. बालकवी ठोमरे यांनाही याच घराने काही काळ आपले म्हटले.

टिळकांच्या काव्याचे मूल्यमापन 'फुलांमुलांचे कवी' या बिरुदावलीपाशी बहुधा थांबते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांची कामगिरी याहून मोठी आहे. टिळकांच्या आधी मराठी मंडळ्यांत पुष्कळशी गीते इंग्रजी चालींवर बेतलेली, भाषांतरित अशी होती. त्यांतील विश्वासू मनुष्य बहुधा विजयी सैनिकासारखा बोलतो. दुष्काळात शिणलेल्या, पगार थकलेल्या, घराने टाकलेल्या पाळकाला या भाषेत आपले मन उघडे करता येत नव्हते. मराठी संतपरंपरेत मात्र यासाठी तयार शब्दभांडार होते. देवाशी भांडणे, त्याला उशीर लावल्याबद्दल दोष देणे, माहेरची वाट पाहणे, आपले रितेपण त्याच्यापुढे ठेवणे, हे सारे अभंगाला पिढ्यान्पिढ्या अंगवळणी पडलेले होते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशा आशयाचे टिळकांचे उद्गार सर्वश्रुत आहेत. या पुलाचा दुसरा उपयोग असा की, त्यावरून थकल्याची कबुली लज्जेवाचून पलीकडे नेता आली. ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारणारी त्यांची पदे या दृष्टीने वाचावीत. सेनापतीपुढे सैनिकाला थकून चालत नाही. आईपुढे लेकराला थकता येते.

मराठी उपासनेच्या गायनपुस्तकात टिळकांची दोनशेहून अधिक गीते समाविष्ट झाली. याचा व्यावहारिक अर्थ असा की, कोणत्याही खेड्यातील अल्पशिक्षित पाळकाला, पुस्तकी उपदेश न वाचता, रविवारी आपल्या मंडळीबरोबर स्वतःचा शीण गाऊन दाखविता येऊ लागला. नेत्याला एकांतात धीर देणे आणि सर्वांच्या कंठातून त्याला धीर मिळणे यांत फरक आहे. भजनाने दुसरी गोष्ट साधली.

४. पद सोडणे आणि सेवा सोडणे

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. त्या वेळी त्यांचे वय पंचावन्नच्या पुढे होते. या घटनेचे वर्णन कोणी वैराग्य म्हणून, तर कोणी मिशनशी मतभेद म्हणून करतात. दोन्हींत तथ्य असावे. पण त्यांनी पुढे काय केले याकडे पाहिले असता वेगळे चित्र दिसते. सातारा येथे राहून त्यांनी 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांची ही एक बंधुमंडळी व्हावयाची होती. म्हणजे पगार, पद आणि अहवाल यांच्या चौकटीतून ते बाहेर पडले, पण ज्या कामासाठी चौकटीत शिरले होते ते काम त्यांनी टाकले नाही. उलट, ज्या उंबरठ्यावर त्यांना वीस वर्षे अवघडून उभे राहावे लागले होते, त्या उंबरठ्यालाच त्यांनी बैठक बनविले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. दरबाराची कल्पना त्यांच्यामागे फार काळ टिकली नाही.

ज्या दिल्ली नगरीत प्रस्तुत ग्रंथ सिद्ध होत आहे, तेथील एक समकालीन उदाहरण या संदर्भात तुलनेसाठी घेता येईल. चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज १९०४ साली दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात आले. १९०६ साली प्राचार्यपद रिकामे झाले, तेव्हा इंग्रज असलेल्या अँड्र्यूज यांनी स्वतः ते न स्वीकारता आपले ज्येष्ठ बंगाली सहकारी सुशीलकुमार रुद्र यांच्या नावाचा आग्रह धरला. रुद्र हे त्या महाविद्यालयाचे पहिले भारतीय प्राचार्य झाले आणि १९२३ पर्यंत त्या पदावर राहिले. अँड्र्यूज स्वतः १९१४ साली दिल्लीतील मिशनचे काम सोडून शांतिनिकेतनास गेले. एकाने पद सोडले, दुसरा पदावर राहिला. पण दोघांतील स्नेह अखेरपर्यंत टिकला. गांधीजी दिल्लीत आले म्हणजे रुद्रांच्या घरी उतरत, आणि १९२५ साली रुद्र निवर्तल्यावर, असहकाराची कल्पना त्यांच्याच छपराखाली आकाराला आल्याचे गांधीजींनी कृतज्ञतेने लिहिले.

या दोन उदाहरणांतील साम्य स्पष्ट आहे. टिळक आणि अँड्र्यूज या दोघांनाही आपल्या सेवेचे रूप बदलावेसे वाटले. भेद असा की, अँड्र्यूज यांच्या बाबतीत रुद्रांसारखा बरोबरीचा मित्र होता, आणि रुद्रांच्या बाबतीत आपली पायरी सोडून बाजूला होणारा गोरा सहकारी होता. १९१० साली एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरय्या यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांपाशी शेवटी मागितले ते पैसा वा त्याग नव्हे, तर मैत्री. देशी नेत्याच्या थकव्याचे निदान इतक्या नेमकेपणाने त्या काळात क्वचितच कोणी केले असेल. दयेने मनुष्य उपकृत होतो. मैत्रीने त्याला धीर येतो.

५. अपुऱ्या कामाचा वारसा : लक्ष्मीबाई टिळक

टिळकांच्या घरात हा मैत्रीचा भाग कोणी सांभाळला, याचे उत्तर 'स्मृतिचित्रे' देते. १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठी गद्याचे लेणे म्हणून गौरविले गेले आहे. थकलेल्या धर्मनेत्याचे घरातून पाहिलेले चित्र म्हणूनही ते तितकेच मोलाचे आहे. बाहेर कीर्तनात रंगणारा मनुष्य घरी तापट होतो, हाती आलेला पैसा वाटून टाकतो, न सांगता निघून जातो, आणि उद्याच्या चुलीची काळजी दुसऱ्यावर पडते. लक्ष्मीबाई हे लपवीत नाहीत. मात्र त्या तक्रारही करीत नाहीत. त्यांचा विनोद हा या पुस्तकाचा अलंकार नसून आधार आहे. ज्या प्रसंगी दुसऱ्या कोणी देवाला किंवा नवऱ्याला दोष दिला असता, त्या प्रसंगी त्या हसतात, आणि त्या हसण्याने टिळकांनाही माणसात आणतात.

तथापि, हे चित्र केवळ कौतुकाने पाहून भागणार नाही. नेत्याला मिळालेली मोकळीक बव्हंशी लक्ष्मीबाईंच्या खर्चाने मिळाली होती. पगाराची चौकट मोडणे टिळकांना वैराग्य वाटले. घर चालविणाऱ्या स्त्रीला ते वैराग्य म्हणून परवडणारे नव्हते. पाळकांच्या शेकडो पत्नींनी ही किंमत मोजली असेल. त्यांपैकी बहुतेकींनी लिहिले नाही, म्हणून इतिहासात त्यांचा जमाखर्च नाही. शिणलेल्या नेत्याला धीर देण्याची चर्चा त्याच्या घरातील शिणाचा विचार केल्यावाचून पुरी होत नाही, हा 'स्मृतिचित्रां'चा आपल्या विषयापुरता सर्वांत महत्त्वाचा धडा होय.

परंतु लक्ष्मीबाईंची कामगिरी सोसण्यापुरती नाही. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते. सुमारे दहा अध्याय झाल्यावर ते अपुरे राहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पतीच्या निधनानंतर त्याला चौसष्ट अध्यायांची जोड देऊन ते पूर्ण केले. १९३३ साली नागपूर येथे भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले आणि 'ख्रिस्तायन' १९३८ साली प्रसिद्ध झाले. टिळकांच्या हयातीत अपुरे काम हे त्यांच्या शिणाचे एक कारण होते. त्यांच्यानंतर तेच अपुरे काम लक्ष्मीबाईंना जगण्याचे आणि लिहिण्याचे कारण झाले. अलीशाने एलीयाचा झगा उचलला, तशातलाच हा प्रकार. फरक इतकाच की, येथे झगा उचलणारीने आधी वीस वर्षे त्या झग्याला ठिगळे लावली होती.

६. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. मराठी ख्रिस्ती नेत्यांचा शीण हा वैयक्तिक दुबळेपणाचा परिणाम नव्हता. दुहेरी परकेपण, मंडळीचे दारिद्र्य आणि अधिकारावाचून जबाबदारी या परिस्थितीतून तो निर्माण झाला. म्हणून त्यावरचा उपायही केवळ अधिक श्रद्धेच्या उपदेशात नव्हता. गोऱ्हे यांनी शंकेसह सेवा करता येते हे दाखविले. रमाबाईंनी व्यापाच्या गर्दीत एक शांत, दीर्घ काम निवडले. टिळकांनी शिणाला अभंगाची भाषा दिली आणि पद सोडून सेवा राखली. रुद्र-अँड्र्यूज यांच्या स्नेहाने बरोबरीच्या मैत्रीचे बळ दाखविले. लक्ष्मीबाईंनी अपुरे काम पुरे करून, नेत्याचे यशापयश त्याच्या हयातीत मोजता येत नाही हे सिद्ध केले.

आजही खेड्यापाड्यांतील आणि महानगरांतील धर्मसेवक याच प्रश्नांशी झुंजत आहेत. तुटपुंजे वेतन, मंडळीच्या अपेक्षा, सभोवतालचा संशय आणि घरातील मौन यांतून अनेकजण मुकाट्याने चालत असतात. २०२० साली उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले, तेव्हा त्यांच्या निवडीला विरोध झाला आणि त्यांची प्रकृतीही साथ देत नव्हती. तरीही ते व्यासपीठावर आले, आणि त्यांना ऐकावयास मराठी वाचक मोठ्या संख्येने जमला. मधल्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही बाजूंनी ऐकणारे भेटले, तर तो उंबरठा त्याला तितकासा जड वाटत नाही.

शिणलेल्या सेवकाला इतिहास एवढेच सांगू शकतो की, त्याच्या आधी थकलेले पुष्कळ होते, आणि त्यांच्या थकलेल्या हातांनीच या भाषेतील काही चिरंतन लेखन झाले. त्याच्या मंडळीला मात्र इतिहास याहून अधिक स्पष्ट शब्दांत सांगतो. एलीयाला झुडपाखाली पहिल्यांदा भाकर मिळाली होती. ती भाकर भाजण्याचे काम मंडळीचे आहे, आणि ते नेहमी एकाच स्त्रीवर टाकता येणार नाही.